तेकेचं मलम

आईला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या काकूंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आईची रेशमी शाल नव्हे, चांदीच्या बटणांचं जाकीट नव्हे, अशा वेळी बायका आठवण म्हणून मागतात तसलं काहीच नव्हे. त्यांना खिडकीतली मलमाची बरणी हवी होती.

“कशाला?” मी विचारलं.

“कशाला म्हणजे? माझीच आहे ती. रिकामी बरणी घरात लागते.”

बरणी रिकामी नव्हती. आत अर्ध्यापर्यंत मलम होतं, काळपट, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत मळलेलं, चुलीच्या धुराचा वास धरलेलं. आईच्या पायाला हेच बांधलं होतं, शेवटपर्यंत. मी म्हटलं, “बघते,” आणि काकू चहाला पाणी ठेवायला गेल्यावर बरणी रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत तळाशी ठेवली. परत आल्यावर काकूंनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बरणी कुठे गेली ते दोघींनाही कळलं होतं. चहा पिताना आम्ही बर्फ यंदा लवकर पडणार यावर बोललो.

त्याच संध्याकाळी मी त्यांना अंगणामागे पाहिलं. आईच्या पायाच्या पट्ट्या आणि वाळक्या पाल्याची एक पिशवी त्या जाळत होत्या. वाऱ्याच्या उलट बाजूला उभ्या राहून, काठीनं ढवळत.

आईला साखरेचा आजार होता. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर असताना तंबूच्या खुंटीनं तिची टाच फाटली. जखम लहान होती. ती भरली नाही. मी बिश्केकला एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. दर रविवारी फोन व्हायचा.

“पाय कसा आहे?”

“बतमा रोज तेके बांधते. उतरेल.”

“दवाखान्यात जा, आई.”

“जाईन की. कुरणावरून खाली तर येऊ देत. तुझा खोकला कसा आहे?”

तिचा आवाज बतमा काकूंचं नाव घेताना नेहमी जरा वरच्या पट्टीत जायचा. दोघी जावा. पन्नास वर्षं एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिल्या, आणि त्यातली अर्धी तरी वर्षं एकमेकींची कोंबडी कोणत्या बाजूला अंडं घालते यावर भांडल्या. माझे वडील घरातले धाकटे, त्यामुळे आमच्या रीतीप्रमाणे मूळ घर आणि मूळ चूल त्यांच्याकडे आली. वडील गेले, मी एकटी मुलगी, ती शहरात. काकूंचा मुलगा कुबात बायकोपोरांसह मागच्या दोन खोल्यांत दाटीनं राहत होता. आईनंतर घर कुणाकडे जाणार हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. दुखवट्याच्या आठवड्यातच कुबात मधलं कुंपण दोरीनं मोजताना मला दिसला. मला पाहून म्हणाला, “खांब कुजलेत, ताई. बदलावे लागतील.” खांब खरंच कुजले होते. पण मोजत तो खांब नव्हता.

कोचकोरच्या दवाखान्यात आईला आणलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. जखमेतलं विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. त्यानं मला विचारलं, “हिला आधी का नाही आणलं? आणि हे पायावर काय थापलंय?”

“तेके,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. ती मान मी विसरले नाही.

तेके म्हणजे डोंगरातला शिंगाळा बोकड, आणि त्याच्या नावाचं एक झाड. ज्याला लोक बोकडाची दाढी म्हणतात ते झाड मी पुस्तकात पाहिलं होतं. माझ्याकडे वनस्पतींचं एक जाड सचित्र पुस्तक आहे, त्याची मुद्रितं मीच तपासली होती. पिवळं फूल, देठ मोडला की पांढरा चीक, आणि म्हातारं झालं की दाढीसारखा कापूस. लहानपणी माझा गुडघा फुटला की आई तेकेचा वाळका चुरा थुंकीत भिजवून लावायची. वास आठवत नाही, आग आठवते. पुढे मी वसतिगृहात गेले, आणि ती गवत गोळा करायला डोंगरावर जायची तेव्हा मी कधीच तिथे नसायची.

दामीरा माझी वसतिगृहातली मैत्रीण. ती एका संस्थेच्या तळघरात रानातल्या औषधी गवतांवर काम करते. तिथे कायम स्पिरिटचा आणि वाळल्या पाचोळ्याचा वास असतो. मी बरणी टेबलावर ठेवली.

“तेके?” ती म्हणाली. “तेके कोण जखमेला लावतं? आम्ही तर ते मेंढरं राखताना सोलून खायचो.”

“आमच्याकडे लावतात.”

तिनं झाकण काढून नाक जवळ नेलं. “चरबी, धूर. मेंढी कोणत्या वयाची होती ते सांगते हवं तर. बाकी काही कळत नाही. ठेव इथे.” मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. “काय शोधायचंय तुला, सादात?”

“आत काय आहे ते.”

“आणि ते कळल्यावर?”

मी झाकण परत बरणीवर बसवलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा हा गुण मला शाळेपासून आवडतो.

काही दिवसांनी तिनं बोलावलं. चरबी काढून टाकायलाच फार खटपट पडली, असं म्हणत तिनं मला सूक्ष्मदर्शकावर वाकवलं. पानाचा एक तुकडा होता. त्यावर बारीक केस, आणि केसांच्या मधे तेलानं भरलेले, चमकणारे फुगे.

“हे तेके नाही,” दामीरा म्हणाली. “तेकेत चीक असतो. असे तेलाचे फुगे पुदिन्याच्या गोतात असतात. आता त्या गोतात भावकी मोठी आहे. नेमकं कोण ते जुन्या नमुन्यांशी ताडून बघावं लागेल.”

“म्हणजे आईला सांगितलं तेके, आणि बांधलं दुसरंच.”

“असं मी म्हटलं नाही.”

“मी म्हणते.”

“सादात, पुदिन्याच्या गोतात विषारी फारसं कुणी नसतं.”

“विषारी नसेल. पण कुचकामाचं असेल. रोज कुचकामाचं काहीतरी बांधायचं आणि वर म्हणायचं, उतरतंय, दवाखाना कशाला. त्यानंही माणूस मरतं.”

तिनं कपाटातून एक चपटी काचेची ताटली काढून माझ्यापुढे ठेवली. ताटलीत पिवळसर खळीसारखा थर होता.

“ऐक. या खळीवर मी जंतू पेरणार. जखमेत पू करणारेच. त्यावर तुझ्या बरणीतल्या पाल्याच्या अर्कात बुडवलेला कागदाचा टिकला ठेवणार. शेजारी दवाखान्यातल्या औषधाचा एक टिकला, तुलनेला. अर्कात दम असेल तर टिकल्याभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल कडं पडतं. दुसरी परीक्षा बाटलीतली. लोखंड गंजतं तसं आपलं मांस आतून झिजत असतं, ती झीज थोपवणारं काही पाल्यात असलं तर या जांभळ्या पाण्याचा रंग उडून ते पिवळं होतं.”

“आणि दम नसला तर?”

“तर पाणी जांभळं राहतं. आणि ताटली काठोकाठ भरून जाते.”

मला ताटली भरलेली हवी होती. हे मी तिला सांगितलं नाही.

मी मुकाश मामांना फोन केला. आईचे थोरले भाऊ. आमच्याकडे मुलगी कशी मेली हे विचारायचा हक्क माहेरच्यांचा असतो, आणि मामा हक्क सोडणाऱ्यांतले नाहीत. मी त्यांना बरणीचं सांगितलं, पट्ट्या जाळल्याचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं.

“मला त्या बाईचा संशय पहिल्यापासून आहे,” मामा म्हणाले. “तुझ्या आईच्या, अनारच्या लग्नात तिनं आमच्या बाजूला हाडकं वाढली होती.”

“मामा.”

“सांगतोय. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे जमतील. तिथे बोल, चार वडीलधाऱ्यांसमोर. पण एक लक्षात ठेव. बोललीस की ते परत गिळता येत नाही. बापाकडचं घर तुला तुटलं. उद्या तू मेलीस तर रडायला त्यांच्यातलं कुणी येणार नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग बोल. मी शेजारी बसेन.”

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. डोंगरावर बर्फ खाली उतरलं होतं. काकू अंगणात चुलाण्यापाशी होत्या, बाह्या वर सारलेल्या, हाताला पीठ.

“आलीस. कणीक मळून ठेवलीये, लाटायला ये,” त्या म्हणाल्या, आणि माझी पिशवी उचलून आत नेली. दारातून आत जाताना त्यांनी पिशवी नाकाशी नेली. सहज नेल्यासारखी. मी ते पाहिलं. मग दिवसभर मी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्या सगळ्याचाच वास घेत होत्या. दुधाचा, तेलाचा, पिठाच्या पोत्याचा. मी पाण्याचा तांब्या दिला तर त्याचाही. मला वाटलं, ज्यानं काही मिसळलेलं असतं त्यालाच दुसरा मिसळेल अशी भीती असते.

जेवताना मी मुद्दामच म्हटलं, “काकू, ती बरणी माझ्याकडे राहिली.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला परत हवी होती.”

“हवी होती. नेलीस, नेलीस.” त्यांनी कुबातच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला. “टाकून दिलीस का?”

“नाही.”

“काय केलंस मग?”

“ठेवलीये.”

कुबात हसला. “मलमासाठी काय भांडताय दोघी. माझ्या ट्रॅक्टरला लावा, तोही खोकतोय.” कुणी हसलं नाही. काकूंनी ओल्या हातानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मला तेही खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. कुबातनं मेंढी कापली. मुल्ला आत बसला होता, मामा त्याच्या शेजारी, टोपी गुडघ्यावर. चुलाण्यावरच्या मोठ्या कढईत मी आणि काकू बोर्सोक तळत होतो. पिठाचे लहान चौकोन फुगून वर येतात. त्यांचा वास मेलेल्या माणसाला पोचतो असं म्हणतात. बायका आत चादरी अंथरत होत्या. आम्ही दोघीच होतो. मामांनी खिडकीतून मला खूण केली, थोड्या वेळानं, म्हणून.

मला आधी काकूंच्याच तोंडून ऐकायचं होतं.

“काकू, आईच्या पायाला काय बांधत होतात?”

“सांगितलंय की. तेके.”

“ते तेके नाही.”

त्यांचा झारा थांबला. “कोण म्हणतं?”

“शहरात तपासलं. काचेखाली घालून. त्यात तेकेचं एक पान नाही.”

आता त्या चिडतील असं मला वाटलं होतं. मला शहरी शहाणी म्हणतील, शहराला शिव्या घालतील. त्या चिडल्या नाहीत. चेहरा उतरला. अगदी माझ्या डोळ्यांदेखत, कणीक बसते तसा.

“नाही?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“एक पानही नाही?”

“तुम्ही सांगा ना काय होतं. नाव घ्या त्याचं.”

“तेके.”

“काकू, मी लहान नाही.”

“मी तेकेच तोडलं. म्हणजे तेकेच तोडायला गेले होते.” त्या तेलाकडे बघत होत्या. बोर्सोक करपायला लागले होते, त्यांना दिसत नव्हते की बघायचे नव्हते कोण जाणे. “कुठलं निघालं मग? ओढ्याकाठचं?”

“ते मी तुम्हाला विचारतेय.”

“मला काय विचारतेस. तुझ्या काचेला विचार.”

“पट्ट्या का जाळल्या? उरलेला पाला का जाळला?”

त्या बोलल्या नाहीत. अशी गप्प बसणारी माणसं मी पुस्तकांतून पुष्कळ वाचली आहेत आणि त्यांचा शेवट काय होतो तेही मला माहीत आहे. मी कढईखालचं लाकूड ओढून बाजूला केलं आणि म्हटलं, “ठीक आहे. मग हे मी आत जाऊन सगळ्यांसमोर विचारते. मामा वाटच बघतायत.”

“विचार,” काकू म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मला तो ओठांवरून कळला. “विचारच एकदा. म्हणजे संपेल.”

मी हात पुसत वळले, आणि तेवढ्यात फोन वाजला. दामीरा होती.

“सापडलं,” ती म्हणाली. “कुठे आहेस? बोलू का?”

“बोल.”

“नमुन्याशी ताडलं, तेलही तपासलं. तुझा तो पुदिन्याचा भाऊबंद. अगं, आपण हिवाळाभर ज्याचा चहा पितो तेच. चरबीनं आणि धुरानं वास मारला होता, नाहीतर मी उघडतानाच ओळखलं असतं.”

“म्हणजे काय? कियिक-ओत?” मी मोठ्यानं म्हटलं.

काकूंच्या हातातला झारा कढईच्या काठावर आपटला. त्यांनी दुसऱ्या हातानं डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढला आणि कमरेतून वाकल्या. घराच्या दाराच्या दिशेनं, जिथे कुणी नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, चुलाण्यापुढे, नव्या सुनेसारखी वाकली, आणि सरळ होताना पुटपुटली, “तोंड सांभाळ, पोरी. आज मयताचा दिवस आहे. त्यांचं नाव असं घेतात का?”

मी फोन कानाला धरून उभी राहिले.

माझे आजोबा माझ्या जन्माआधी वारले. त्यांचं नाव कियिकबाय. कियिक म्हणजे डोंगरातलं कुठलंही रानटी शिंगाळं जनावर, आणि कियिक-ओत म्हणजे त्याचं गवत. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याच्या भावांचं घेत नाही. नाव ज्या शब्दातून निघालं तो शब्दही तोंडाला लावत नाही, सासरा मातीत जाऊन कितीही वर्षं होवोत. आमच्या घरात लोखंडाला आई आणि काकू ‘घट्ट’ म्हणायच्या, कारण चुलत आजोबांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. ते मला ठाऊक होतं, मी त्यावरून आईला चिडवायचेही. पण कियिक म्हणता येत नाही, म्हणून त्याच्याच जातीतल्या बोकडाचं नाव घेऊन त्या जावांनी त्या गवताला तेके केलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. कारण तेके नावाचं झाड मी पुस्तकात पाहिलं होतं. खरं झाड होतं ते, चित्रासकट. आई शहरात माझ्याकडे यायची तेव्हा मी तिला कियिक-ओतचा चहा द्यायचे. ती कपात नाक घालून म्हणायची, “तुझा हा वासाचा चहा बरा असतो.” माझं आडनाव कियिकबायेवा. तिचंही तेच. दवाखान्यात कुणी आडनाव विचारलं की ती बोलायची नाही, ओळखपत्र पुढे करायची.

“सादात?” दामीरा फोनवर म्हणत होती. “आहेस ना? ताटल्याही झाल्या. कडं पडलंय. दवाखान्याच्या औषधाएवढं मोठं नाही, पण स्वच्छ आहे. जांभळं पाणी तर बघता बघता पिवळं झालं. ज्यानं तोडलं त्यानं बरोबर वेळी तोडलंय, फुलावर असताना. जुनं गवत इतकं चांगलं निघत नाही.”

मी तिला नंतर फोन करते म्हटलं.

काकू करपलेले बोर्सोक वेगळे काढत होत्या. एकेक उचलून नाकाशी नेत होत्या आणि मग बाजूला टाकत होत्या. आता मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखा पडदा होता. तो आजचा नसणार.

“काकू, डोळे कधीपासून असे आहेत?”

“कसे?” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “कुबातला सांगू नकोस. जनावरं दावणीला बांधायला जाऊ द्यायचा नाही मग मला.”

“ते तेकेच होतं,” मी म्हटलं. “तुमचं तेके. शहरात त्याला दुसरं नाव आहे, म्हणून माझा घोटाळा झाला.”

त्यांनी झारा खाली ठेवला. माझ्या तोंडावरून खरं-खोटं दिसेल अशा अंतरावर आल्या, म्हणजे अगदी जवळ.

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?”

“मी कशाला म्हणेन?”

“तेही खरं. तू काही मला बरं वाटावं म्हणून आलेली नाहीस.” त्या पाटावर बसल्या. “यंदा वर कुरणावर मला धड दिसत नव्हतं. वासावर तोडलं. ओढ्याकाठी एक असतं, तसंच वासाला, पण हलकं, त्याचा काही उपयोग नाही. तंबूत येऊन अनारला म्हटलं, बघ गं, हे तेके ना? तर म्हणाली, तेकेच. पण तिचं काय. भांडायला उभी राहिली की माझी सगळी उणीदुणी काढायची, आणि मी डोळ्यांवरून रडले की म्हणायची, गरुडासारखं दिसतंय तुला. तिच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा? मग पाय काळा पडायला लागला. मला वाटलं, माझ्या हातानं झालं.”

“म्हणून बरणी मागितलीत?”

“पुन्हा वास घ्यायचा होता. शांतपणे. आणि तू नेलीस. पिशवीत परत आणलीस की काय तेही बघितलं.”

“आणि पाला जाळला तो?”

“जाळताना वाटलं, बरं झालं, गेलं. जळाल्यावर वाटलं, आता कळणार कसं.” त्यांनी हाताच्या पिठाच्या गोळ्या करून चुलाण्यात टाकल्या. “रोज रात्री तोच वास आठवून बघते. आठवणीतला वास काय, आपल्याला हवा तसा येतो.”

मी एक लाकूड आत सारलं. तेल पुन्हा तापायला लागलं.

“दवाखान्यात का नाही नेलं?” मी विचारलं.

“कुबातला दोनदा सांगितलं. एकदा गाडी बंद होती. एकदा हीच उठेना, म्हणाली रविवारी पोरीचा फोन येऊ दे.” त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. खरंही असेल. तपासायला माझ्याकडे ताटली नव्हती.

मग त्यांनी जे विचारलं ते त्या घरात दुसऱ्या कुणीही विचारलं नसतं.

“शहरात त्यांनी कशावर घालून पाहिलं ते?”

“जंतूंवर. जखमेत पू करणाऱ्या.”

“मेले?”

“औषधाच्या जवळचे मेले.”

“मग अनारच्या पायातले का नाही मेले?”

मला वाचलेलं पुष्कळ आठवलं आणि त्यातलं काही इथे बोलण्यासारखं नव्हतं. “काकू, ताटलीत नुसते जंतू असतात. वर औषध ठेवलं की त्यांना लागतं. आईच्या पायात साखर होती. रक्त नीट पोचत नव्हतं. जंतू आत हाडापर्यंत गेले होते, तिथे वरचं मलम जात नाही. शिरेतून औषध द्यायला हवं होतं. आणि लवकर.”

“म्हणजे तेके बरोबर होतं.”

“बरोबर होतं.”

“आणि पुरणारं नव्हतं.”

“नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. डॉक्टरनं हलवली होती तशी नव्हे. धान्याचं माप बरोबर भरलं की हलवतात तशी. मग उठून पिठाचे चौकोन तेलात सोडायला लागल्या, एकेक, कढईच्या कडेनं सरकवत. सोडताना त्यांचे खांदे हलत होते. मी तिकडे बघायचं टाळलं आणि ताटं पुसत बसले.

मुकाश मामा दारात आले. टोपी डोक्यावर घातलेली. “सादात, लोक बसलेत. मुल्लाचं झालं. तुला बोलायचं होतं.”

“होतं.”

“मग चल.”

“आता नाही, मामा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. “हिनं तुला काय कबूल केलं? घर तुझ्याकडे ठेवते म्हणाली?”

“घराचं काही बोलणं झालं नाही.”

“मला मूर्ख समजू नकोस. माझी बहीण मेलीये. पायाला काय बांधलं होतं ते तरी सांग. कळलं ना शहरात?”

“कळलं.”

“काय?”

शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी त्या घराची लेक, सून नव्हे. मला तो म्हणायला कुणाची हरकत नव्हती, मी जन्मभर म्हणतच आले होते. काकूंची पाठ ताठ झाली. हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला होता, वाकायला तयार.

“तेके,” मी म्हटलं.

“तेके.” मामा हसले, बरं वाटण्यासारखं नव्हे. “तेके आम्ही मेंढरं राखताना खायचो. त्यानं कधी जखम भरते?”

“भरते थोडी.”

ते आत गेले. जेवले, पण काकूंनी वाढलेल्या ताटातलं त्यांनी काही घेतलं नाही, शेजाऱ्याच्या ताटातून घेतलं. निघताना मला म्हणाले, “तुला विकत घेतलंय, एवढं मला दिसतंय. कशानं, ते दिसत नाही.” त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मी केला तर मामी म्हणतात, ते घोड्यांकडे गेलेत.

काकूंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. मीच त्यांना बिश्केकला घेऊन आले. नोंदणीच्या खिडकीवर बाईनं आडनाव विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला ढोसलं आणि मी सांगितलं.

कुबातनं खांब बदलले आहेत. कुंपण पूर्वीच्याच जागी आहे की हातभर इकडे, हे मला नक्की सांगता येत नाही. गाडी त्या दिवशी खरंच बंद होती का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारायचं आहे.